ताराचंदची वीत

हिंगण्याच्या एमआयडीसीत विजेचे पॅनल बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ताराचंद रामटेकेची एकतीस वर्षे गेली. पॅनल म्हणजे लोखंडी कपाट. त्यात तांब्याच्या तीन जाड पट्ट्या एकमेकींना समांतर धावतात आणि गिऱ्हाइकाची सगळी वीज त्यांतून जाते. या पट्ट्या आधारांवर पक्क्या बसवणे हे ताराचंदचे काम.

शिक्षण आठवीपर्यंतच, पण पट्ट्यांचा स्वभाव त्याला पुरता ठाऊक होता. शेजारशेजारच्या पट्ट्यांत प्रवाह एकाच दिशेने गेला तर त्या एकमेकींना ओढतात, उलट दिशेने गेला तर लोटतात. रोजच्या कामात हा जोर इतका किरकोळ, की कान लावला तर नुसती घुमघुम ऐकू येते. पण कुठे शॉर्ट सर्किट होऊन प्रवाह वीसपट झाला, की तोच जोर चारशेपट होतो. क्षणभरच होतो, पण आधार दूर असला तर तेवढ्यात तांबे वाकते.

आधार किती अंतरावर द्यायचा, असे कोणी विचारले की तो पंजा ताणून पट्टीवर ठेवी. "एक वीत. आंगठा इथं, करंगळी पडंल तिथं दुसरा सपोर्ट. टेप हरवते, हात थोडीच हरवते?"

"काका, तुमच्या हातावर आयएसआयचा शिक्का आहे का जी?" वायरिंग करणारी चारुशीला विचारायची.

"आहे ना वं. फक्त तुले दिसत नाही."

नकाशात दोनशे मिलिमीटर लिहिलेले असे आणि ताराचंदची वीत बरोबर तेवढीच भरे. नऊ वर्षांपूर्वी आलेला धम्मदीप त्याच्याकडून हेच शिकला. पुढे तो स्वतंत्रपणे पॅनल उभे करू लागला. तपासणीच्या कागदावर सही ताराचंदची असे.

मार्चमध्ये काटोलच्या एका शीतगृहातून फोन आला. आत संत्री भरलेली, बाहेर केबलमध्ये शॉर्ट झाले आणि पॅनल फुटले. दार उडून तिथल्या जितेंद्र नावाच्या ऑपरेटरला लागले, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पॅनल धम्मदीपने बसवलेले होते. मालक मधुसूदनजींनी ताराचंदला सकाळच्या पहिल्या एसटीने पाठवले.

ताराचंदने वाकलेले दार बाजूला केले. मधली पट्टी दोन आधारांच्या मध्ये कमान झाल्यासारखी वाकून शेजारणीला चिकटली होती. आधार शाबूत होते, बोल्ट घट्ट होते. त्याने सवयीने एका आधारावर आंगठा ठेवला आणि पंजा ताणला. करंगळी दुसऱ्या आधारापर्यंत पोचली नाही. मध्ये तीन बोटांची जागा उरली. त्याने पुढची जोडी मोजली, त्याच्या पुढची मोजली. सगळीकडे तीच तीन बोटे.

धम्मदीप सहा फूट उंच. त्याचा पंजा सुपाएवढा. त्यानेही एक वीतच मोजली होती, पण स्वतःची.

ताराचंदने शीतगृहातून टेप मागून घेतली, अंतर मोजले आणि मालकांना फोनवर आकडा कळवला: दहा इंच.

दुपारी तो परतला तेव्हा धम्मदीप कारखान्याच्या फाटकाशी उभा होता.

"काका, शेठ म्हणून राहिले का उद्यापासून येऊ नको. नकाशात आठ इंच अन् तू दहावर सपोर्ट दिले म्हणे. मी तर तुम्ही सांगतलं तसंच केलं ना जी?"

"तसंच केलं गा तू."

"मग गलत काहून झालं?"

"चाल माझ्यासंगं."

मधुसूदनजी अहवाल लिहीत होते. "बसा ताराचंदभाऊ. पोराची हलगर्जी आहे, सरळ मामला आहे. तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिले, तुमचा निरोपसमारंभ नीट करायचा आहे मला. यात पडू नका."

ताराचंद बसला नाही. त्याने धम्मदीपचा हात धरून टेबलावर ठेवला आणि शेजारी आपला ठेवला.

"शेठ, याले मी वीत शिकवली, टेप नाही शिकवली. अन् कागदावर सही माझी आहे. सही करताना मी पॅनल उघडून नुसतं पाहिलं, मोजलं नाही. हलगर्जी लिहायची असंल तर माझी लिहा."

मधुसूदनजी दोन्ही हातांकडे पाहत राहिले. "एकतीस वर्षांचं नाव आहे तुमचं. हे एकदा लिहिलं की खोडता येणार नाही."

"तिकडं त्या माणसाचा हात जळला. माझ्या नावाचं काय घेऊन बसले?" त्याने धम्मदीपकडे बोट केले. "अन् याचे अजून सहा पॅनल चालू आहेत. दोन उमरेडले, एक कोराडी रोडले, बाकीचे इथंच. तिथं शॉर्ट व्हायची वाट पाहाची काय?"

मालकांनी अहवालाचा कागद फाडला आणि नवा घेतला. ताराचंद सांगत गेला, ते लिहीत गेले. खाली ताराचंदने सही केली; धम्मदीपला करू दिली नाही.

निरोपसमारंभ पुढे झाला नाही आणि ताराचंदनेही त्याबद्दल विचारले नाही. ते चार महिने, गिऱ्हाईक वीज बंद करू देईल तसतसे, तो आणि धम्मदीप एकेक पॅनल उघडत होते आणि मधे जादा आधार बसवत होते. दर रविवारी ताराचंद एकटा काटोलला जाई. जितेंद्रची बोटे पुरती उघडत नसत. पहिल्या वेळी ताराचंदने त्याला सगळे सांगितले, तेव्हा जितेंद्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या रविवारीही तो बोलला नाही. तिसऱ्या रविवारी त्याने डाव्या हाताने खुर्ची पुढे सरकवली.