सूरज तीनदा गेला

मी घर सोडलं ते एकाच सकाळी दोनदा. बावीस वर्षांची होते, हातात नवी कोरी सुटकेस, आणि अंगणात सगळे गोंधळलेले. आमच्या पलूसकडच्या गावात पोरी घर सोडतात त्या लग्न होऊन, ओटी भरून घेऊन. पोरं सोडतात ती बहुतेक फौजेत, तळहातावर दही घेऊन. पण दिल्लीला टीव्हीच्या नोकरीला एकटीच निघालेल्या पोरीला काय द्यायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकू नारळ घेऊन आली होती, ती तो हातात धरून नुसतीच उभी. शेवटी आई म्हणाली, "फौजेवालीच हाय ही. दही आणा." माझे वडील, नाना, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांची सुट्टी संपली की त्यांच्या हातावर पडायचं ते दही त्या दिवशी माझ्या हातावर पडलं आणि मी चाटून निघाले.

पारापर्यंत गेले नाही तोवर लक्षात आलं, सर्टिफिकेटांची फाइल घरातच राहिली. धावत परत आले, फाइल उचलली, वळले, तर आई दारात पाट मांडून तयार. "परत आलीयास तर बस वाईच. पाणी पी. मग नव्यानं नीघ." मी म्हटलं, एसटी जाईल. "जाऊ दे की. दुसरी हाय." एसटी गेली. दुसरीनं निघाले, मिरजेला गाडी कशीबशी मिळाली, आणि आग्र्यापर्यंत मी आईवर मनातल्या मनात चिडलेली होते. सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजात हॉस्टेलला राहून शिकलेली मी, मला पाटावर बसवून पाणी पाजतात म्हणजे काय!

हे सगळं आज लिहायला घेतलंय ते गावाकडच्या माणसांसाठी, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. कारण गेल्या वर्षी जे झालं त्यात मी चुकले हे मला कळतं, पण नक्की कुठं चुकले ते अजून नीट उमगत नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, ऊस बघतो. तो दरवेळी विचारतो, "म्हंजे तू नक्की करतीस काय?" सुरुवातीला मी टेपांचे डबे उचलायचे, मग मराठी बाइटांची, म्हणजे मुलाखतींतल्या तुकड्यांची, भाषांतरं, मग रिसर्च, आणि आता डॉक्युमेंटरी प्रोड्यूसर. त्याला सांगते, परवानग्या काढायच्या, गाडी ठरवायची, युनिटच्या जेवणाचं बघायचं, आणि ज्यांना आपण काल भेटलो त्यांना आज कॅमेऱ्यासमोर मन मोकळं करायला लावायचं. तो म्हणतो, म्हंजे लग्नघरातल्या आत्याबाईचं काम. खोटं नाही.

या धंद्यात प्रत्येकाचं काहीतरी नाव होतं. माझं झालं ते निरोपांनी. आखाताला जाणारी पोरं, वीटभट्टीवर निघालेली कुटुंबं, बोटीवर जाणारे नवरे. कुणी घर सोडतंय आणि दारात कुणी उभं आहे, हा शॉट मला जमतो असं चॅनेलवाले म्हणतात. मला मात्र माझं स्वतःचं गणित आजवर जमलेलं नाही. दिल्लीत मी शेजारणीला सांगते, घरी चाललेय. गावात चार दिवस झाले की आईला सांगते, आता घरी जायला हवं. दोन्ही वेळा खरंच बोलते. आई दुसऱ्या वेळी भांडी जरा जोरात ठेवते.

तर गेल्या वर्षी फौजींच्या घरांवर फिल्म मंजूर झाली. मी दुसरी घरं शोधत बसले नाही. दादाचा सूरज भरती झाला होता, त्याची पहिली सुट्टी संपत होती. म्हटलं, आपलंच घर, आपलीच आई, परवानगीची कटकट नाही. कॅमेरामन तन्मयला घेऊन आले. संध्याकाळची गाडी होती, म्हणून चारच्या सुमाराला सूरज निघाला. आईनं हातावर दही घातलं, त्यानं चाटलं, पाया पडला, उंबरा ओलांडून चालायला लागला. तेवढ्यात दादाच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरनं मागं धडधड सुरू केली आणि सगळा साउंड गेला.

मी ओरडले, "सूरज, मागं ये. अजून एकदा."

आमच्याकडं निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण शूटवर माझ्या तोंडात दुसरीच मी असते. सूरज बिचारा हसत परत आला. आई म्हणाली, "आलाय तर बसू दे त्याला. पाणी दे." आणि मी म्हणाले, "आई, लाइट जातोय." ते तीन शब्द मला अजून ऐकू येतात.

दुसऱ्या वेळी त्यानं जाता जाता कॅमेऱ्यात बघितलं. पुन्हा बोलावला. "आत्या, गाडी चुकंल आता," तो म्हणाला, पण आला. तिसऱ्या वेळी सगळं जुळून आलं. उन्हाची तिरीप बरोबर उंबऱ्यावर, ट्रॅक्टर गप्प, आणि आईच्या हातून थोडं दही खाली सांडलं. तिच्या डोळ्यांत पाणी. तन्मयनं हळूच अंगठा उंचावला. मला वाटलं, आई शेवटी मोकळी झाली. पाणी न पिता पुन्हा निघालेल्या पोराच्या काळजीनं ती भ्यायली होती, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. चोवीस वर्षं मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरते, आणि स्वतःच्या आईचा वाचता आला नाही.

सूरज जीपमधून मिरजेला गेला. त्यानंतर तीन दिवस त्याचा फोन नाही. मी समजावून सांगितलं की वर रेंज नसते, प्रवास मोठा असतो. नाना फौजेत असताना तर पत्राला पंधरा दिवस लागायचे, ते आईनंच काढलेले. पण आई माझ्याशी बोलेना. घरात केरसुणी फिरली नाही, कारण माणूस पोचल्याचं कळेपर्यंत ती केर काढत नाही. तन्मय चिवड्याचे सांडलेले पोहे ओलांडत फिरत होता, त्याला कळेना की या घरात असं का. मलाही त्याला नीट सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईनं पाट मांडला. तांब्या भरून आणला. "बस."

"मी कुठं चाललेय?"

"तू न्हाई. त्यो दोनदा परत आला, दोनदा तसाच गेला. त्याच्या वाटचं तू पी. तूच हाक मारलीस न्हवं?"

मी असलं काही मानत नाही. दिल्लीत अंधश्रद्धेवर एक अख्खी मालिका केलीय मी. पण खाली बसले आणि दोन तांबे पाणी प्याले, शेवटच्या घोटापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सूरजचा फोन आला, ठणठणीत. आईनं केरसुणी घेतली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला. आता यातलं काय खरं धरायचं, तुम्हीच सांगा.

गोष्ट इथं संपली असती. पण आमच्या कामात जो कॅमेऱ्यात दिसतो त्याची एका कागदावर सही घेतात. चॅनेलला तिसरा टेक इतका आवडला की फिल्म त्यानंच सुरू करायची ठरली. मग त्यांच्या वकिलीणबाईंचा फोन, सगळ्यांचे कागद आहेत, म्हाताऱ्या बाईंचा नाही. घेतलाच नव्हता. आईची कसली सही घ्यायची! म्हणून परवा कागद घेऊन पुन्हा गावी आले. सही झाली नाही तर शॉट जातो, आणि तो शॉट गेला तर फिल्म माझ्या हातात राहील की नाही सांगता येत नाही.

आईनं चष्मा पुसला, कागद उलटसुलट केला. "काय लिवलंय, वाच."

मी मराठीत सांगत गेले. माझं चित्रण चॅनेलनं कुठंही, कधीही, कितीही वेळा दाखवायला माझी हरकत नाही.

"कितीबी येळा?"

"हो."

"म्हंजे त्यो कितीबी येळा जाणार. आन् बसायचा कुटं?"

 तिनं कागद गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाली, "सही करती की. पण त्यो येतानाचं बी घाल त्यात. सुट्टीला येतोय त्यो. आला, चपला काढल्या, पाणी प्याला, एवढं दाखव. मग जाऊ दे त्याला टीव्हीत कितींदाबी."

मी आठवायला लागले. चोवीस वर्षांत मी शेकड्यानं माणसं घराबाहेर पडताना टिपली. परत येणारा एकही नाही. येण्यात काही घडत नाही, असं आम्ही एडिटला म्हणतो. माणूस येतो, पाणी मागतो, संपलं. चॅनेलला फोन करून सांगितलं की सूरजच्या सुट्टीपर्यंत थांबायला हवं. पलीकडून "बघू" म्हणाले. त्यांच्या "बघू"चा अर्थ मला कळतो.

काल सकाळी निघाले. बिनसहीचा कागद बॅगेत. आईनं हातावर दही घातलं, आता त्यावर कुणाचा गोंधळ होत नाही. पारापर्यंत गेले आणि लक्षात आलं, फोनचा चार्जर राहिला. चार्जर पलूसला कुठंही मिळतो, मिरजेला मिळतो, दिल्लीत तर माझ्याकडं तीन आहेत. तरी मी मागं वळले. तो मी मुद्दाम विसरले की खरंच विसरले, हे मला अजून सांगता येत नाही.

आई दारात होती. तिनं पाट सरकवला आणि पाणी आणायला आत गेली. मी चपला काढून बसले. पाराकडून एसटी गेल्याचा आवाज आला. तांब्या रिकामा झाला तसं मी म्हटलं, "आई, अजून वाईच दे."