पाटी वाचा

“पाटी वाचा की.”

‘मिस्त्री, होता कुठं?’ असं कुणीही विचारलं, की उत्तर हेच.

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या मालकांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. मी तिथे कारकून, मिस्त्री दुरुस्तीला. दाराशी खिळ्याला एक काळी पाटी असे. बाहेर पडताना मिस्त्री तिच्यावर खडूनं लिहीत : ‘कुंडल. मळ्यातली विहीर. चारला परत.’ आणि चारला माणूस हजर. एकदा साडेचार झाले. दुसऱ्या दिवशी पाटीवर ओळ : ‘काल अर्धा तास उशीर. चूक माझी.’ ती त्यांनी दिवसभर कुणाला पुसू दिली नाही. तुमच्या-आमच्यातलं कोण असं लिहील, सांगा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत मोबाईल आले. मालकांनी दोन घेतले. एक स्वतःच्या खिशात, बाहेरून दिसेल असा. दुसरा मिस्त्रींपुढे ठेवला. “आता कुठंही असा, मी हाक मारली की ओ द्यायची.”

मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला. “मालक, मी जवर ज्याच्या विहिरीत उतरलोय, तवर त्याचाच हाय. मधीच दुसऱ्यानं वडायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी दुकानात आलो, तर मोबाईल सुतळीनं पाटीशेजारी टांगलेला. पाटीवर अक्षर : ‘फोन इथं हाय. मी कुंडलला.’ मालक बाजारातून फोन लावत होते आणि तो माझ्या कानाशी कोकलत होता. मला हसू आवरेना.

मालकांना मात्र हसू आलं नाही. संध्याकाळी त्यांनी स्पष्टच सांगितलं, “फोन खिशात नसेल, तर उद्यापासून दुकानात येऊ नका.” बावीस वर्षांची नोकरी, पन्नाशी उलटलेली. मिस्त्रींनी पान्यांची पिशवी खांद्याला लावली. “बरं,” एवढंच मालकांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “पाटी ऱ्हाऊ दे हितंच. लागंल कुणाला तरी.”

मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

मिस्त्री कुंडलला आपल्या घरीच काम करू लागले. आमची निम्मी गिऱ्हाइकं मोटारी घेऊन त्यांच्या दारात बसायची आणि मालक इकडे चरफडायचे. तो फोन माझ्या खिशात आला. जेवताना वाजे, दाढी करताना वाजे, पोरीला शाळेत सोडताना वाजे. मी मुकाट ओ देत राहिलो. तुम्हीही देताच की.

पुढच्या उन्हाळ्यात कुंडलचा एक शेतकरी एसटीनं दुकानात आला. हातात मोटार नव्हती.

“मिस्त्री गेलं. आज सकाळीच,” तो मला म्हणाला. “फोन केला न्हाई. त्येस्नी आवडलं नसतं.”

मी उठलो. मालक म्हणाले, “जा, पण फोन घेऊन जा. मोसमाचे दिवस आहेत. नोकरी हवी आहे ना?”

हवी होती. तरी मी फोन काढून पाटीशेजारी टांगला. खडू घेतला. पाटीवर लिहिलं : ‘कुंडल. मिस्त्रींना पोचवायला.’ परत यायची वेळ लिहिली नाही.

पायऱ्या उतरतोय तोच मागे फोन वाजू लागला.

“अरे, तुझा फोन,” मालक आतून ओरडले. “फोन टाकून चाललास कुठं?”

“पाटी वाचा, मालक,” मी म्हणालो, आणि स्टँडकडे चालू लागलो.