लाल खताची ओवाळणी

आमच्याकडे तंबाखू पिकत नाही. मार्गासनीच्या आसपास कुणालाही विचारा, भात सांगेल, थोडी नाचणी सांगेल. तंबाखू यायची ती दुकानातून, पुडीत. त्यामुळे नव्वदनंतरच्या एका वर्षी आमच्या वरच्या तुकड्यात ती उभी राहिली, तेव्हा एसटीतून उतरलेली माणसंसुद्धा वाट वाकडी करून बघून जायची.

ती आत्याची होती. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. निपाणीकडे दिलेली. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, आणि दिरांनी वेगळी चूल मांडून दिली तेव्हा ती एक ट्रंक घेऊन माहेरी आली. ट्रंकेत दोन लुगडी आणि फडक्यात बांधलेलं तंबाखूचं बी. आमच्या घरात तिला कुणी उणं बोललं नाही. आई तर तिला आधी वाढायची. तेच तिला खुपायचं. "आयतं गिळतीया मी," असं भाकरी मोडताना पुटपुटायची. भातलावणी तिला जमत नसे. तिनं लावलेली रोपं संध्याकाळपर्यंत आडवी व्हायची आणि आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. तिला खरंखुरं येत होतं ते एकच काम, तंबाखू. तेवढ्या जोरावर तिला भावाच्या घरी मान वर करून राहायचं होतं.

अण्णांनी वरचा तुकडा तिला दिला. आमचं सारं रान सोडून ती त्या मुरमाड तुकड्यावर खूश झाली, याचं सगळ्यांना नवल. कोकणातून परतणारे धनगर वैशाखात रस्त्यानं चालले होते. तिनं शेरभर धान्य कबूल करून त्यांची मेंढरं तिथं बसवून घेतली. लेंड्या मातीत मिसळल्या. रोपांसाठी पालापाचोळा आणि शेण जाळून वाफा भाजला, भाताच्या राबासारखाच. बी इतकं बारीक की राखेत मिसळून टाकावं लागलं. "हिला पोट भरून वाढायचं न्हाई," ती मला सांगायची. "भाताला कितीबी घाल, खातंय. हिला मोजून. न्हाईतर नुसती मातती." मी दहावीत गटांगळी खाऊन घरी बसले होते. तिच्या हाताखाली मला शाळेपेक्षा बरं वाटायचं.

पाऊस ओसरल्यावर रोपं लागली आणि पानं हातभर झाली. दिवाळीच्या आधी सासरकडच्या एका बारशाला आत्या निपाणीला गेली. अण्णांना बहिणीसाठी काहीतरी करायचं होतं. लुगडं घ्यावं तर ती नेसत नसे, ट्रंकेत ठेवून द्यायची. भातासाठी आणलेला युरिया आणि लाल पोटॅश उरला होता. त्यांनी तो स्वतःच्या हातानं तिच्या रोपांच्या बुडाशी घातला, वरून पाणी दिलं. आम्ही भातवाली माणसं. खत घालणं म्हणजे माया करणं, याच्यापलीकडे आमची अक्कल जात नाही.

भाऊबीजेला आत्यानं त्यांना ओवाळलं. अण्णा हसत म्हणाले, "आक्का, औंदा ताटात काय टाकत न्हाई. तुझ्या तंबाखूला खत घातलंय. तीच ओवाळणी."

"कंचं?" तिनं विचारलं.

"भाताचंच. लाल."

निरांजनाचं ताट तिच्या हातात होतं. "चांगलं केलंस," ती म्हणाली. मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तुकड्यात तिनं मला सांगितलं. लाल खत खाल्लेलं पान दिसायला दांडगं, पण वाळलं तरी ओल धरतं, आणि पेटवलं की विझतं. "तंबाखू मेली बघ," म्हणाली. मी तरातरा घराकडे निघाले, तर तिनं मनगट धरलं. "ओवाळणी हाय ती. त्याला कळलं तर माझ्या गळ्याची आण."

झालंही तसंच. पानं सुपाएवढी आली, गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं. आत्यानं ती खुडली, वाळवली, जुड्या बांधल्या आणि पहिली जुडी अण्णांपुढं ठेवली. अण्णांनी चिलीम भरली. दोन झुरके झाले की चिलीम विझायची, ते पुन्हा काडी ओढायचे. "लई ग्वाड हाय, आक्का," म्हणायचे. ती जमिनीकडे बघत बसायची.

पुढच्या वैशाखात मेंढरं रस्त्यानं गेली, तिनं हाक मारली नाही. "कंबर धरलीया," म्हणाली. बी चुलीत टाकताना मी बघितलं. "औंदाबी मायेनं घालंल त्यो," एवढंच म्हणाली. तुकड्यात अण्णांनी नाचणी केली आणि आत्या आमच्याबरोबर चिखलात उतरली, आडवी रोपं लावत. आता आम्ही हसत नव्हतो. दोन वर्षांनी कावीळ झाली आणि ती गेली. भोरच्या दवाखान्यात न्यायलाही उशीर झाला होता. मला ती आईइतकी जवळची होती, आणि तिच्यासाठी मी गुरासारखी रडले.

महिना झाला असेल. अण्णा आणि मी त्या तुकड्याच्या बांधावर बसलो होतो. ते हळूच म्हणाले, "तुज्या आत्याचा हात गेला हुता बघ. तंबाखू सारकी इझायची. म्या कदी बोललो न्हाई. मानी बाई, जीवाला लावून घेतलं असतं."

माझं डोकंच फिरलं. तिचं उभ्या जन्माचं एकच कसब, आणि तिचा भाऊच तिला त्यात नापास करून बसला होता. आण घालणारी गेली होती. मी सगळं सांगून टाकलं, फटाफट, त्यांच्या तोंडाकडे न बघता.

"लाल खतानं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आन् तिला ठावं हुतं?"

"भाऊबीजेपासनं."

मला वाटलं, अण्णा मलाच रागावतील.

"थोरली हुती ती," ते म्हणाले. "ल्हानपनी उठता-बसता कान पिळायची माजा. हितंबी पिळायचा हुता की. दुसऱ्या साली नसतं घातलं म्या."