गळती नव्हे, पाझर

भुसाभाऊंना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडे. एरवी अख्खा कारखाना त्यांना भुसाभाऊच म्हणे. जमिनीवर तेल सांडलं की लाकडाचा भुसा घेऊन धावणारे ते एकटेच. आधी डबक्याभोवती भुशाचं कडं घालायचं, मग बाहेरून आत यायचं. कुणी थेट मध्येच भुसा ओतला की म्हणायचे, "अहो, तेल पकडताय की पळवून लावताय?" घरी एकदा बायकोच्या हातून तेलाची बरणी निसटली, तर सवयीने यांनी पिठाचा डबा त्यावर उपडा केला. तेव्हापासून स्वयंपाकघरात त्यांना मज्जाव आहे.

तर अशा माणसाच्या हातून चूक झाली, ती मायेपोटी.

कारखान्याचा फिटर म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हात सोन्याचा, पण प्रत्येक कामाला उद्याचा वायदा. पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसच्या पाइपातलं वायसर झिजलं आणि तेल ठिबकू लागलं. गळती दिसली की फोरमनला कळवायची, असा नियम. फोरमन म्हणजे तोफखाना. फिटरची त्याने सगळ्यांसमोर बिनपाण्याने केलेली हजामत भुसाभाऊंनी पाहिली होती, आणि त्या संध्याकाळचा बहिणीचा उतरलेला चेहराही. आईमागे त्यांनीच वाढवलेली ती.

"गळती कुठली? पाझर आहे नुसता," त्यांनी प्रेसवाल्याला सांगून टाकलं. पाझर हा शब्दच मुळी मायाळू. गळती म्हटली की आरडाओरडा, पाझर म्हटला की मूठभर भुसा.

फिटरला मात्र ते रोज बाजूला घेत. "जावईबापू, तेवढं वायसर बघा."

"बघतो हो दादा. तुमचा भुसा असताना प्रेसला काय धाड भरलीय!"

तेल वाढलं तसा भुशाचा थरही वाढला. वरून जमीन कोरडी ठणठणीत, खाली तेल मुरलेलं. आणि एके दिवशी जावईबापू खरंच आले. हातात पाना, ओठांवर शीळ. कोरडी जमीन बघून बिनधास्त पाऊल टाकलं आणि पाय गेला तो गेलाच. खुब्याचं हाड मोडलं.

हाड जुळलं, पण चाल गेली. आता तो गोदामात स्टुलावर बसून नटबोल्ट निवडतो. इकडे भुसाभाऊ तेलाचा थेंब दिसला की फोरमनच्या दारात. "गळती आहे, साहेब. आधी ती बंद करा, मग मी भुसा टाकतो." तोफखानासुद्धा आता त्यांना पाहून वाट बदलतो.

परवा ते बहिणीकडे गेले होते. तिने सहज विचारलं, "दादा, तू तर जमीन आरशासारखी ठेवतोस. नेमकं तिथेच तेल कसं राहिलं रे?"

भुसाभाऊंनी चहाचा कप तोंडाला लावला.

"राहिलं कुठलं?" नवराच हसून म्हणाला. "ठेवलं होतं. मला बोलणी बसू नयेत म्हणून दादा रोज झाकत होते. अहो दादा, एकदा ओरडायचं होतं! फोरमनच्या शिव्या पचवल्या असत्या मी. शिव्यांनी हाड मोडत नाही."

तो हसत होता. बहीण हसली नाही. तिने नवऱ्याच्या हाती काठी दिली, त्याला धरून आत नेलं.

जेवल्याशिवाय दादाला ती कधी सोडत नसे. आतून हाक येईल म्हणून भुसाभाऊ बराच वेळ बसून राहिले. मग स्वतःच उठले, आणि दार हलकेच ओढून घेतलं.