घाम न येणारी पाठ

"आन् मंग काय करू? हाताचं चामडं सोलून खुटीला टांगू का?" फुलाबाईनं दोन्ही हात हर्षालीच्या तोंडापुढं धरले.

हर्षाली माल निवडून भरणाऱ्या पॅकहाऊसवरून आली होती, द्राक्षं तोडणाऱ्या बायांची नखं आन् हात तपासायला. माल परदेशी जाणार. खरूज-नायट्याचा हात घडाला लागता कामा नये, असा तिथला कायदा. फुलाबाईचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत चकाकणारा, आखडलेला, कोपरापाशी उललेला. मार्चच्या कोरड्या वाऱ्यानं पापुद्रे निघालेले.

"मावशी, मला वरून बोलणी बसतात."

"भाजल्याचं हाय गं बाय. लहानपणीचं. नवऱ्यानं जलमभर ह्याच हाताची भाकर खाल्ली, त्याला नाय लागलं. तुझ्या द्राक्षाला काय लागतंय?"

बाया खिदळल्या. हर्षालीनं मुकादमाकडं बघितलं. मुकादम नाथा, फुलाबाईच्याच गावचा. त्याला सगळं ठाऊक. "भाजल्याचं हाय" एवढं बोलला असता तरी भागत होतं. तो म्हणाला, "वाद नको, फुलाबाई. तू क्रेट वाहा."

शेजारच्या वेलीपाशी तिची सून राखी घड कापत होती. तिनं मान वर केली नाही. फुलाबाईनं ते बघितलं.

क्रेट वाहायचे म्हणजे मांडवाखालच्या सावलीतून निघून बांधावरच्या गाडीपर्यंत भर उन्हात खेपा घालायच्या. दुसऱ्या बाईला ते नुसतं कष्टाचं काम. फुलाबाईच्या जिवावरचं.

फुलाबाईच्या गावाकडं, पेठच्या डोंगरात, भाताचं रोप टाकायच्या जागी शेण-पालापाचोळा पसरून वर माती टाकतात आन् पेटवून देतात. त्याला राब म्हणतात. वरून राख गार दिसते, आत इंगळ धुमसत असतो. फुला लहान असताना कोंबडीमागं पळत राबात शिरली आन् पाठीवर पडली, उजवा हात अंगाखाली. बाप पाण्याचा हंडा घेऊन धावला, तर म्हाताऱ्यांनी त्याला अडवलं. जळल्यावर पाणी लावलं की फोड येतात म्हणे. शेण थापलं. सगळा पावसाळा पोर पालथी पडून. चिघळलं, सडलं, पण पोर चिवट, वाचली. पाठीवर नवं कातडं आलं ते प्लॅस्टिकची पिशवी आक्रसल्यागत.

त्या कातड्याला घाम येत नाही. कपाळावरून धारा लागतात, पाठ ठणठणीत कोरडी. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं, घाम जिथून सुटतो तेच जळालंय. अंग तापलं की ताप बाहेर पडायला वाट अपुरी. पाठ ओली ठेवत जा. तेव्हापासून पाठीवर ओला टॉवेल टाकून ती मांडवाखाली घड कापायची. टोळीतल्या पोरी तिला "म्हस" म्हणायच्या. ती म्हणायची, "म्हस तर म्हस, डबकं द्या."

आज तिनं टॉवेल भिजवला तर नाथा ओरडला, "ये, तो काढ! क्रेट उचलताना थेंब पडला तर घडावरची पांढरी पावडर जाती, अख्खा क्रेट बाद होतो."

"द्राक्षाच्या सालीला लय जपता रं तुम्ही," ती म्हणाली, आन् टॉवेल वेलीच्या तारेवर टाकला. काय करणार? मुकादमानं एकदा यादीतून नाव काढलं की पुढच्या हंगामालाही बोलावणं नाही. मग डोंगरात बसून काय खायचं?

ऊन चढलं. आधी डोकं ठणकायला लागलं, मग डोळ्यांपुढं चांदण्या. दुपारच्या आत ती गाडीच्या चाकाशी बसली, ओकली आन् आडवी झाली. अंग तव्यागत.

"नाटकं," गाडीवाला म्हणाला.

बाया जमल्या. कुणीतरी हंडा आणला, तर शकुबाईनं हात धरला. शकुबाई टोळीतली थोरली, तिचा शब्द सगळ्या मानायच्या. "तापल्याल्या अंगावर गार पाणी? झटका येऊन मरंल! कांदा फोडा, हुंगवा."

कांदा नाकाशी धरला. फुलाबाईला सगळं ऐकू येत होतं, जीभ हलत नव्हती. तिनं हंड्याकडं बोट केलं. कुणी बघेना. शेवटी राखीनं शकुबाईला बाजूला लोटून हंडा घेतला आन् सासूच्या पाठीवर उपडा केला. मग दुसरा आणला, तोही.

बऱ्याच वेळानं फुलाबाईला बोलता आलं. "सकाळीच बोलली असतीस तर?"

"आत्याबाई, बोलले असते तर आपल्या दोघींनाबी काढलं असतं." राखी पदर पिळत होती. "उद्यापासून तुम्ही घरीच राव्हा. माझ्याबी हातांकडं बघाया लागलेत लोक."

"घरी चूल माझा बाप पेटवील?"

तेवढ्यात नाथा आला. "उठतीस का खाडा मांडू? गाडी भरायची हाय."

ती चाकाला धरून उठली. अंगावरची साडी निथळत होती. नाथाचं लक्ष त्या पाण्याकडं होतं.

"थेंब पडला घडावर तर माझी पाठ फोड," ती म्हणाली. "पर ही वली साडी मी बदलनार नाय."

नाथानं क्रेटकडं बोट केलं. गाडीवाल्याला घाई होती.

चुंबळ ठेवून तिनं क्रेट डोक्यावर घेतला. दोन-चार खेपांत साडी खडखडीत वाळली. मांडवाखाली भरलेले क्रेट अजून पडले होते. तिनं वाकून पुढचा उचलला.