कण्हेरवाली

आमच्या नागपूरच्या गल्लीत आई सुनांना त्यांच्या माहेरावरून ओळखायची: उमरेडवाली, काटोलवाली. अंगणातल्या कण्हेरीवरची हिरवी अळीही तिच्या लेखी कण्हेरवाली. मी तेव्हा बीएस्सीला होते. ती अळी पाळून निघालेला पतंग मी कॉलेजात नेला, तो डबीवर हेच नाव लिहून. सरांनी वर्गासमोर डबी नाचवली. "ही काय सासरी आलीय? शास्त्रीय नाव लिहा!"

अस्सा संताप आला! लायब्ररीतल्या जाडजूड पुस्तकातून लॅटिन नाव घोकून मी घरी मिरवलं, "डॅफ्निस नेरिआय!"

"म्हंजे काय वं?" आई भाकरी थापत होती.

मी वही उघडून पाहिलं. नेरिआय म्हणजे कण्हेरीची.

"मंग हे नाव देनाऱ्या सायबानंही तिचं माहेरच पाह्यलं ना!"