एका दिवसाचे कपडे

आमच्या वहिनीबद्दल कुणी चांगलं बोललं की मी मान डोलावते, आणि वाईट बोललं की त्याची खरडपट्टी काढते. तिच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क फक्त माझा. मी तिची नणंद आहे, आणि एकतीस वर्षं एकाच छपराखाली तिच्याशी भांडते आहे. म्हणजे भांडते मी. ती गप्प बसते. तिला भांडता येत असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

आमचं दुकान कपडे धुण्याचं. रस्त्याला लागून एक लांबट खोली, तीन यंत्रं, इस्त्रीचं टेबल, बसायला एक बाक, दाराशी उजेडात माझं शिलाई मशीन. मागे एक लहान खोली, तिच्यापलीकडे आमचं राहतं घर, आणि बावीस पायऱ्या चढून वर गच्ची, तिथे वाळत घालायच्या दोऱ्या. गावातले लोक चादरी-पडदे आणून टाकतात, पण आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे चालणारे. आमच्या गावावरून एक पायवाट जाते. डोंगरातून येते, डोंगरात जाते, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला साडेतीन महिने लागतात म्हणे. कशाला चालतात, देव जाणे! ना पोलीस मागे लागलेत, ना सावकार, तरी आपले चालत सुटतात. आमचं गाव बरोबर मध्यावर पडतं, म्हणून जो तो इथे एक दिवस थांबतो. पायाच्या फोडांना मलम लावतो, पोटभर जेवतो, गादीवर झोपतो आणि कपडे धुवायला आणतो. त्यांच्या पिशव्यांचे तुटलेले पट्टे आणि बिघडलेल्या चेन मी शिवून देते.

या लोकांकडे कपडे असतात दोन जोड. एक अंगावरचा, एक पिशवीतला, आणि वास दोन्हींना सारखाच. दोन्ही एकदम धुवायला टाकले तर घालायचं काय? दादा होता तेव्हा ही मंडळी रेनकोट गुंडाळून बाकावर बसून राहायची. भर उन्हात, गळ्यापर्यंत बटणं लावून, घामाच्या धारा! दादा त्यांच्या हातात वर्तमानपत्र द्यायचा आणि म्हणायचा, "वाचलं नाही तरी चालेल, मांडीवर तेवढं पसरा."

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा. आईवडील लवकर गेले, मला त्यानेच वाढवलं. माझं लग्न मोडलं तेव्हा एक शब्द न विचारता मला इथे घेऊन आला. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मधल्या यंत्राचं झाकण उघडायला वाकला, तो पुन्हा उठलाच नाही.

वहिनीने वर्षभर त्याच्या कपाटाला हात लावला नाही. मग एकदा सत्तरीचा एक चालणारा ताप अंगावर घेऊन रेनकोटात कुडकुडत बसला होता. वहिनी उठली, आत गेली आणि दादाचा स्वेटर नि विजार आणून त्याच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी अख्खं कपाटच बाहेर आलं. अकरा शर्ट, सहा विजारी, दोन स्वेटर. सगळं यंत्रांशेजारच्या दांडीवर. ज्याला जे बसेल ते घाला, दिवसभर गावात हिंडा, संध्याकाळी आपले कपडे न्या आणि हे परत करा.

मी आकाशपाताळ एक केलं. "माझ्या भावाचे कपडे, आणि कुणाही ऐऱ्यागैऱ्याच्या अंगावर?"

"कपाटात ठेवून कसर लागेल, वन्सं," वहिनी म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान, पण तिला एकेरीच बोलते. "त्यापेक्षा माणसं घालू देत की."

पंधरा दिवस मी तिच्याशी अबोला धरला. पण बटण तुटलं, शिवण उसवली की शर्ट यायचा माझ्याच पुढ्यात. शिवत होते मुकाट्याने. करते काय!

हळूहळू गावालाही सवय झाली. पाववाला तर चेष्टा करायचा, "आज तुमचा भाऊ टपालकचेरीपाशी भेटला हो, दाढी वाढवलीय!" मी त्याला सटासट ऐकवायची आणि घरी येऊन रडायची. वहिनीचं मात्र एक होतं. कपडे देऊन झाले, माणूस बाहेर पडला, की ती काहीतरी निमित्त काढून दाराशी यायची. कधी पायपुसणं झटकायला, कधी नुसतीच हात पुसत. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्या पाठीकडे बघायची आणि मग आत यायची. मला दिसायचं सगळं. मी मान खाली घालून पायडल मारत राहायची.

संध्याकाळी तो माणूस यायचा, कपडे बदलायचा, आभार मानून जायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा. बोलणं तेच ते. कुठून निघालात, गुडघे काय म्हणतात, पुढे पाणी मिळेल का. वहिनीच्या ओळखीची माणसं शेकड्यांनी, पण घरातला फोन वाजला तर तो हमखास चुकून लागलेला. मूलबाळ झालं नाही. माहेरचं कुणी उरलं नाही. होती ती मी, आणि मी ही अशी.

गेल्या साली उन्हाळा संपता संपता तो आला. साठीच्या आसपासचा, लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर, नुकताच निवृत्त झालेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब. वहिनीने विचारलं, "एवढं चालायचं कसं काय मनात आलं?" तर म्हणतो, "आयुष्यभर वर-खाली केलं. म्हटलं, आता जरा सरळ जाऊन बघू."

वहिनी हसली. ओठांतल्या ओठांत नव्हे, आवाज करून हसली. मी पट्टा शिवत होते, सुई बोटात गेली.

दांडीवरून त्याने दादाचा विटकरी चौकड्यांचा शर्ट घेतला. खांद्यांना असा बसला की जणू त्याच्याच मापाने शिवला होता. आणि हा बाबा गावात हिंडायला गेलाच नाही! मधलं यंत्र दोन वर्षं किंचाळत होतं, त्याची मागची पत्र्याची झडप काढून आत डोकं घालून बसला. वहिनी त्याला पाना दे, फडकं दे करत बाजूला उभी. आणि बोलत होती! चाळिशीत सायकल शिकली ते सांगितलं. खिडकी बंद असली की तिला झोप येत नाही, ते सांगितलं. दादा गेल्यावर तीन महिने कशालाच चव लागत नव्हती, तेही सांगितलं. मला हे कधी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मीही कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने कपडे मागितले.

"ओले आहेत अजून," वहिनी म्हणाली. "उद्या न्या."

समोरच्या लॉजमध्ये त्याची खोली होती, तिथे तो शर्ट घालूनच झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला. यंत्र किंचाळायचं थांबलं होतं, तर आता मागच्या खोलीचं दार घासतं म्हणून ते काढून बसला. दुपारी वहिनीने त्याला आमच्याबरोबर जेवायला बसवलं. दादा बसायचा त्या जागेवर नाही, माझ्या शेजारी. मी दोन घास खाऊन उठले. संध्याकाळी पुन्हा तेच, "हवा दमट आहे, वाळले नाहीत."

दमट! बाहेर ऊन असं की कुत्री गटाराच्या कडेने जिभा काढून पडली होती. पण माझ्या डोक्यात काही शिरेल तर शपथ. मला एवढंच दिसत होतं की एक परका माणूस माझ्या भावाचा शर्ट घालून माझ्या भावाच्या घरात दारं दुरुस्त करतोय. एक दिवस थांबणाऱ्याचे दोन झाले होते, उद्या तिसरा. मग महिना. मग मी कुठे? दादाची बहीण म्हणून मी त्या घरात होते. घरात दुसरा पुरुष आला की मी कोण? खरं सांगायचं तर माझा राग दादासाठी नव्हताच. तो माझ्या स्वतःसाठी होता. पण तेव्हा कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याच्या डोक्यात कात्री घातली असती.

तिसऱ्या दिवशी वहिनी सकाळच्या बसने साबणाची पावडर आणायला मोठ्या बाजारात गेली. मी गुडघ्यांमुळे सहसा गच्चीवर जात नाही. त्या दिवशी गेले, बावीस पायऱ्या धापा टाकत. कडेच्या दोरीवर चादरी अगदी पापडासारख्या कडकडीत वाळल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्याचे दोन सदरे, दोन विजारी आणि मोज्यांचे तीन जोड. त्यांतून पाणी टपकत होतं.

कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण राग आला की माझं डोकं चालत नाही. मला वाटलं, वहिनी पिळायचंच विसरली, एवढं भान सुटलंय हिचं! सगळं खाली आणलं, पिळलं आणि इस्त्री कडक तापवून एकेक कपडा वाळवला. वाफेने तोंड भाजलं. मोजेसुद्धा इस्त्री केले. मोज्यांना इस्त्री करणारी जगात मी एकटीच असेन.

तो लॉजवरून आला. मी घड्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "तुमचे कपडे झाले."

त्याने वरच्या सदऱ्यावर तळहात ठेवला. "वाळले?"

"मी वाळवले."

त्याने हात मागे घेतला. मग दाराकडे बघून म्हणाला, "त्यांनी सांगितलं का द्यायला?"

"हो," मी म्हटलं.

किती छोटा शब्द आहे! जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्याने मागच्या खोलीत जाऊन कपडे बदलले. आता ते दार अलगद लागलं. दादाच्या शर्टाची नीट घडी करून तो टेबलावर ठेवला. लॉजवरून पिशवी घेऊन पुन्हा दाराशी आला. "वहिनींना सांगा..." म्हणाला आणि थांबला. "नको. राहू दे, ताई." आणि गेला. पायवाट बेकरीच्या मागून चढते, तिकडे वळला. मी पाहिलं नाही, पण चढावर त्याची काठी खडकावर वाजलेली ऐकू आली.

अकराच्या बसने वहिनी आली. तिने पावडरचं पोतं खाली ठेवलं आणि तिची नजर टेबलावर गेली. शर्ट उचलला नाही. बाकावर बसली.

"गेले?"

"गेले. कपडे वाळले होते, मग थांबतील कशाला?"

"कपडे तर परवाच दुपारी वाळले होते, वन्सं," ती म्हणाली. "मी पाणी मारत होते. रोज सकाळ-संध्याकाळ."

मी हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"त्यांना ठाऊक होतं," वहिनी म्हणाली. "काल सकाळी मला शोधत गच्चीवर आले, तर माझ्या हातात पाण्याचा मग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते काही बोलले नाहीत. माझ्या हातातून मग घेतला, राहिलेल्या मोज्यांवर पाणी ओतलं आणि खाली जाऊन दाराला रंधा मारत बसले."

मी उभीच होते. तिने माझ्याकडे पाहिलं. "कपडे मी द्यायला सांगितले, असं म्हणालात का त्यांना?"

मी टेबलावरचा शर्ट उचलून दांडीकडे वळले. तेवढ्यावरून तिला काय ते कळलं.

"गिऱ्हाइकांच्या वहीत नंबर असेल त्यांचा," मी शेवटी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "फोन कर वहिनी. आत्ता कर. मी लावून देते."

"आणि काय सांगू?" वहिनी म्हणाली. "कपडे ओले राहिलेत, परत या?"

तिला हसू आलं. मलाही आलं, आणि मग मी तोंडावर पदर धरून मागच्या खोलीत पळाले. बाहेर आले तोवर दोन नवे चालणारे दारात उभे होते. वहिनी त्यांना दांडीवरचे शर्ट दाखवत होती.

त्याला आता वर्ष होईल. वहिनी हल्ली पायपुसणं झटकायला दाराशी येत नाही. कपडे दोन तासांत वाळवून, घड्या करून तयार ठेवते. माझ्याशी एक शब्द वाकडा बोललेली नाही. भांडली असती, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर माझी सुटका झाली असती. दुपारी मी शिवत बसले की ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहते आणि पहिल्यासारखंच विचारते, "वन्सं, जेवलात का?" मी हो म्हणते. जेवलेली नसले तरी हो म्हणते.